सुदानला नेमकं कोण विसरलं आहे?

१३ जून २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७३६ मंजूर केला. पश्चिम सुदानमधल्या उत्तर दार्फुर राज्याची राजधानी अल-फाशिर तेव्हा वेढ्यात होती. वेढा घातला होता सुदानच्या सैन्याशी युद्ध करणाऱ्या ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’, म्हणजे आरएसएफ, या निमलष्करी दलाने. वेढा उठवा, ज्यांना शहर सोडायचं आहे त्यांना जाऊ द्या, अन्न आणि औषधं आत येऊ द्या, असं ठरावात स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. पंधरापैकी चौदा देशांनी बाजूने मत दिलं. रशिया तटस्थ राहिला. विरोधात कुणीच नव्हतं. पुढे २६ ऑक्टोबर २०२५ ला अल-फाशिर पडलं. मधले दिवस मोजून पाहा, बरोबर पाचशे भरतात.

या पाचशे दिवसांत काय झालं, ते जगाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. शहरात धान्य येईनासं झालं तेव्हा लोक ‘अंबाझ’ खाऊन जगू लागले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, गुरांपुढे टाकतात ती. पुढे पुढे तीही मिळेना. आरएसएफने शहराभोवती मातीचा उंच बांध घालायला सुरुवात केली. तो बांध आठवड्या-आठवड्याला कसा लांबत चालला आहे, हे येल विद्यापीठाची एक प्रयोगशाळा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजून जाहीर करत होती. एखाद्या शहराला कोंडून मारायची तयारी दिवसाउजेडी चालली होती आणि आकाशातून तिचे फोटो निघत होते. १९ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे नमाज चालू असताना एका मशिदीवर ड्रोन पडला, सत्तरहून अधिक माणसं गेली. महिनाभराने शहर पडलं तेव्हा आत सुमारे २ लाख ६० हजार नागरिक अडकलेले होते, त्यांतली निम्मी मुलं. सौदी प्रसूतिगृहात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेल्याच्या वृत्ताने आपण हादरून गेलो आहोत, असं जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं. मारणाऱ्यांनी आपल्याच मोबाइलवर आपल्या कृत्यांचं चित्रीकरण केलं आणि ते पसरवलं. लपवायची गरज त्यांना वाटली नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

सुदानविषयी जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात ‘विसरलेलं युद्ध’ हे शब्द हटकून येतात. मला ते खटकतात. माणूस किल्ली विसरतो, कुणाचा निरोप विसरतो. त्यात हेतू नसतो, म्हणून दोषही फारसा नसतो. सुदानच्या बाबतीत हा शब्द वापरला की सगळ्यांचीच सुटका होते. तेव्हा सुदानला नेमकं कोण विसरलं आहे, हे एकदा नावं घेऊन पाहायला हवं. सोन्याचे व्यापारी विसरलेले नाहीत. शस्त्रं धाडणारे विसरलेले नाहीत. तांबड्या समुद्रावर नौदलाचा तळ हवा म्हणून पोर्ट सुदानकडे डोळे लावून बसलेला रशिया विसरलेला नाही. नाईलच्या पाण्याची काळजी असलेला इजिप्त विसरलेला नाही. शीतपेयांत आणि गोळ्या-मिठायांत लागणारा बाभळीचा डिंक जगाला सर्वांत जास्त पुरवतो तो सुदान, आणि तो विकत घेणारे कारखाने तर कधीच विसरलेले नाहीत; १९९७ साली अमेरिकेने सुदानवर कडक आर्थिक निर्बंध घातले, त्यांतूनही या डिंकाला वाट करून देण्यात आली होती. ज्याला तिथून काही न्यायचं आहे, त्याला सुदान चांगला लक्षात आहे. विसर पडला आहे तो तिथल्या माणसांचा. आणि हा विसर नेणाऱ्यांच्या पथ्यावर पडणारा आहे.

गृहयुद्धाला मराठीत एक जुना शब्द आहे, यादवी. द्वारकेचे यादव समुद्रकाठी आपसांत भांडले, हाताला लागेल ते गवत उपटलं, त्या गवताची मुसळं झाली आणि एकाच कुळातले लोक एकमेकांना मारून संपले, अशी ती कथा. सुदानला यादवी म्हणताना माझा हात अडखळतो. यादवांची शस्त्रं त्यांच्याच किनाऱ्यावर उगवली होती. सुदानची शस्त्रं विमानातून येतात. सुदानच्या शेजारच्या चाड देशात, पूर्व भागात, अमजरास नावाचं एक छोटं गाव आहे. युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या विमानतळावर संयुक्त अरब अमिरातींतून मालवाहू विमानांची रीघ लागली. आम्ही तिथे रुग्णालय चालवतो, असं अमिरातींचं म्हणणं. या मार्गाने आरएसएफला शस्त्रं जात असल्याचे आरोप विश्वासार्ह आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२४ च्या अहवालात नोंदवलं. अमिराती ते आजही नाकारतात. सैन्याच्या बाजूलाही पाठीराखे आहेत. इजिप्त आहे, इराणचे ड्रोन आहेत, तुर्कस्तानचे आहेत. कोलंबियातले भाडोत्री सैनिक दार्फुरमध्ये आरएसएफच्या बाजूने लढताना आढळले. एवढी सगळी दुनिया जिथे उतरली आहे, त्याला ‘त्यांचं आपसांतलं भांडण’ कसं म्हणायचं?

भांडण मुळात सुरू झालं ते दोन माणसांत, हे खरं. सैन्यप्रमुख अब्देल फत्ताह अल-बुरहान आणि आरएसएफचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्तुममध्ये दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. पण त्याआधीची काही वर्षं पाहिल्याशिवाय या युद्धाचा अर्थ लागत नाही. २००३ पासून दार्फुरमधलं बंड चिरडण्यासाठी ओमर अल-बशीर यांच्या राजवटीने जंजावीद नावाच्या सशस्त्र टोळ्या हाताशी धरल्या. त्यांनी गावंच्या गावं जाळली. २०१३ मध्ये त्याच टोळ्यांना गणवेश, पगार आणि नाव देऊन आरएसएफ उभी केली गेली. येमेनच्या युद्धात भाड्याने लढून आणि जबल आमिरच्या सोन्याच्या खाणी ताब्यात घेऊन ती गब्बर झाली. सरकारने स्वतः वर दिलेला हा भस्मासुर होता. आज तो सैन्याच्या डोक्यावर हात ठेवायला धावतो आहे आणि मधे सापडली आहे रयत.

आणि या रयतेने काय गुन्हा केला होता? डिसेंबर २०१८ मध्ये अत्बरासारख्या शहरांत भाकरीच्या भावावरून लोक रस्त्यावर आले. बघता बघता देश उठला. ‘हुर्रिया, सलाम, व अदाला’, म्हणजे स्वातंत्र्य, शांतता आणि न्याय, एवढीच घोषणा. मोर्च्यांत बाया पुढे होत्या. ११ एप्रिल २०१९ ला तीस वर्षं सत्तेवर असलेले बशीर गेले. लोक तरीही खार्तुममधल्या सैन्याच्या मुख्यालयासमोरून हलले नाहीत, कारण त्यांना एका सेनापतीच्या जागी दुसरा नको होता. ३ जूनला त्या धरणं धरून बसलेल्या जमावावर गोळीबार झाला. शंभराहून अधिक लोक मेले, काहींची प्रेतं नाईलमध्ये सापडली. त्यानंतर मुलकी आणि लष्करी असं जोडसरकार आलं. २५ ऑक्टोबर २०२१ ला बुरहान आणि हेमेदती यांनी मिळून ते उलथवलं. मिळून, हा शब्द महत्त्वाचा आहे. लोकांनी सत्ता मागितली तेव्हा हे दोघे एक होते. ती परत द्यायची वेळ आली, आरएसएफ सैन्यात किती वर्षांत विलीन करायची, दोन की दहा, असा प्रश्न निघाला, तेव्हा दोघांचं फाटलं. म्हणून मला हे युद्ध दोन सेनापतींचं वाटत नाही. सत्ता आमची आहे असं म्हणणाऱ्या लोकांविरुद्ध दोघांनी चालवलेलं हे युद्ध आहे, आणि आपसांत लढतानाही त्यांनी सर्वांत जास्त मारलं ते या लोकांनाच.

किती मारलं याचा आकडा कुणाजवळ नाही, कारण मोजणारी यंत्रणाच कोसळली. लंडनच्या एका वैद्यकीय संस्थेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या याद्या ताडून एकट्या खार्तुम राज्याचा अंदाज काढला. पहिल्या चौदा महिन्यांत सगळ्या कारणांनी मिळून ६१ हजारांहून अधिक मृत्यू, त्यांतले २६ हजार हिंसेने. त्यांतल्या बहुतेक मृत्यूंची कुठेही नोंद नव्हती. दार्फुरमधल्या अल-जिनेना या एका शहरात २०२३ मध्ये १० ते १५ हजार लोक मारले गेले, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलं आहे. तिथे मसालीत जमातीला वेचून मारलं. पश्चिम दार्फुरचे राज्यपाल खमीस अबकर यांनी १४ जून २०२३ ला दूरचित्रवाणीवर सांगितलं की इथे वंशसंहार चालला आहे, कुणीतरी या. त्याच दिवशी त्यांना पकडून मारण्यात आलं. जे वाचले ते चाडच्या आद्रे गावाकडे पायी निघाले, वाटेतही गोळ्या झेलत. तिथल्या छोट्याशा रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून अधिक जखमी पोचले.

सुदानची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास. त्यांपैकी एका टप्प्यावर सुमारे सव्वा कोटी लोक घराबाहेर होते. जगात दुसरीकडे कुठेही एवढे विस्थापित नव्हते. २०२४ च्या अखेरीला तीव्र उपासमारीच्या गणतीत २ कोटी ४६ लाख लोक होते, म्हणजे जवळजवळ निम्मा देश.

उपासमारीवर थोडं थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आफ्रिका म्हटलं की दुष्काळ आणि दुष्काळ म्हटलं की पाऊस, असं समीकरण आपल्या डोक्यात बसलेलं असतं. सुदानमध्ये दोन नाईल वाहतात. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधला गझीरा प्रकल्प हा जगातल्या सर्वांत मोठ्या कालवा-सिंचन प्रकल्पांपैकी एक. देशाचं धान्याचं कोठार ते हेच. डिसेंबर २०२३ मध्ये आरएसएफने गझीरा घेतलं. मग गोदामं लुटली गेली, बी-बियाणं गेलं, ट्रॅक्टर गेले, शेतकरी पळाले. जून २०२४ मध्ये वद अन-नूरा या गावात एका दिवसात शंभराहून अधिक गावकरी मारले. नांगरणी-पेरणीचे दिवस होते ते. धान्य पिकवणाऱ्याला शेतावरून हाकललं की उपासमार पुढच्या हंगामात आपोआप येते, पावसाला दोष द्यायचं कारणच नाही.

दुसरीकडे सैन्याच्या बाजूचं सरकार. त्याच्या हाती बंदूक होती तशीच सही होती. चाडमधून दार्फुरला मदत नेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आद्रेच्या सीमेवरून जातो. या वाटेने शत्रूला शस्त्रं जातात असं सांगून त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मदतीसाठी बंद केला. शस्त्रं नेणारे परवानगी मागत नसतात. थांबले ते ज्वारीचे ट्रक. १ ऑगस्ट २०२४ ला अल-फाशिरजवळच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचं तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केलं. हा शब्द ही समिती सहजी वापरत नाही. त्यासाठी कुपोषणाचे आणि मृत्यूंचे ठरलेले निकष पार व्हावे लागतात, म्हणजे जाहीर होईपर्यंत पुष्कळ मुलं गेलेली असतात. त्यानंतर दोन आठवड्यांनी आद्रे उघडायचा निर्णय झाला. तोवर पावसाळा ऐन भरात होता, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यांना पूर आलेले, रस्ते चिखलात बुडालेले. आणि झमझमच्या वाटेवर आरएसएफ उभी होतीच. एप्रिल २०२५ मध्ये तिने ती छावणीच उद्ध्वस्त केली. छावणीत उरलेल्या दवाखान्यातले नऊ कर्मचारी मारले. सुमारे चार लाख लोक, ज्यांतले कित्येक वीस वर्षांपूर्वी जंजावीदांपासून पळून इथे आले होते, ते पुन्हा पळाले.

भूक हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरणं निषिद्ध आहे आणि तो युद्धगुन्हा ठरू शकतो, असं सुरक्षा परिषदेने २०१८ च्या ठराव २४१७ मध्ये एकमताने म्हटलं आहे. नियम नाहीत अशी परिस्थिती नाही. पण सुदानच्या बाबतीत कायद्याचा नकाशा आणि युद्धाचा नकाशा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हे जितक्या लोकांना माहीत असायला हवं तितक्यांना ते माहीत नाही. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी २००४ पासून आहे, पण ती फक्त दार्फुरपुरती. म्हणजे खार्तुमला किंवा पोर्ट सुदानला बंदुका उतरवल्या तर ती मोडत नाही. त्या पुढे कुठे जातात ते पाहणारं तिथे कुणी नाही. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाचा अधिकारही २००५ च्या ठरावाने मिळालेला, तोही दार्फुरपुरताच. अल-जिनेनातल्या खुनाची चौकशी हेगमध्ये होऊ शकते. वद अन-नूरातल्या खुनाची होऊ शकत नाही. युद्ध गझीरात गेलं, कोर्दोफान प्रदेशात गेलं, तिथल्या काद्गली शहरात दुष्काळ जाहीर झाला. कायदा दार्फुरच्या वेशीवर थांबलेला आहे.

आणि जिथे तो पोचतो तिथेही कधी पोचतो? जंजावीदांचा एक म्होरक्या अली कुशैब याला हेगच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी २७ आरोपांत दोषी ठरवलं. गुन्हे होते २००३-०४ सालचे. दार्फुरच्या गुन्ह्यांवरचा हा पहिला निकाल. साक्षीदार तरुणपणी जे पाहिलं ते उतारवयात सांगत होते. त्या निकालानंतर वीस दिवसांनी, त्याच टोळ्यांच्या वारसांनी अल-फाशिर घेतलं. बशीर यांच्यावर २००९ पासून अटकेचं वॉरंट आहे. त्यांना अजून कुणी हेगला नेलेलं नाही. जगाने जंजावीदांना वेळीच शिक्षा केली असती, तर आरएसएफ नावाची गोष्ट जन्मालाच आली नसती असं मी म्हणणार नाही, इतिहास एवढा सरळ नसतो. पण आपल्याला काही होणार नाही ही खात्री त्यांना या वीस वर्षांनी दिली, एवढं नक्की.

‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे वाक्य पुष्कळदा ऐकू येतं, तटस्थपणाचा आव आणून. सैन्याचे गुन्हे मी झाकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर दार्फुरमधल्या कबकाबियाच्या बाजारावर बाजाराच्या दिवशी विमानातून बाँब टाकले गेले, शंभरावर माणसं गेल्याचं तिथल्या मानवाधिकार वकिलांनी सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये सैन्याने गझीरातलं वद मदनी शहर परत घेतलं, तेव्हा ‘कनाबी’मध्ये, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या शेतमजुरांच्या वस्त्यांमध्ये, आरएसएफला मदत केल्याच्या संशयावरून सूड उगवले गेले. पण सत्य सांगायचं तर दोन्ही गुन्ह्यांचं स्वरूप एक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही बाजूंना युद्धगुन्ह्यांसाठी जबाबदार धरलं आणि आरएसएफच्या बाबतीत पुढे जाऊन मानवतेविरुद्धचे गुन्हे, त्यांत समूळ उच्छेदाचा समावेश, असं लिहिलं. जमात विचारून गोळी घालणं, बायकांना पळवून नेणं, शहर उपाशी मारणं ही आरएसएफची पद्धत आहे. हे म्हटल्याने सैन्य निर्दोष ठरत नाही. ‘दोघे सारखेच’ म्हटल्याने मात्र अल-जिनेनाच्या मसालीतांचं विशिष्ट दुःख धूसर होतं, आणि आपल्याला काहीच करायला नको ही सोयही होते.

‘हे अरब विरुद्ध आफ्रिकी असं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, आपण काय करणार’ हे दुसरं वाक्य. दार्फुरमध्ये पाण्यावरून, चराईवरून भटके पशुपालक आणि शेतकरी यांचे तंटे होत आले आहेत. ते मिटवायच्या त्यांच्या रीतीही होत्या, जमातींच्या थोरामोठ्यांच्या बैठका होत्या, खुनाच्या बदल्यात भरपाई ठरायची. त्या तंट्यांत मशिनगन बसवलेल्या गाड्या नव्हत्या. त्या खार्तुमच्या सरकारने दिल्या, आणि आता ड्रोन दुसरे कुणी देतात. पिढीजात वैर हे कारण पुढे केलं की देणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही.

आता आपल्याकडे. सुदान भारतापासून दूर आहे असं वाटतं, पण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत पडलेल्या भारतीय सैनिकांची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या पैशांतून ती उभी राहिली. १९५३ मध्ये सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, ती पार पाडणाऱ्या आयोगाचे प्रमुख होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. २००३ पासून भारतीय सरकारी कंपनीने तिथल्या तेलात भागीदारी केली. एप्रिल २०२३ मध्ये ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून भारताने आपली तीन-साडेतीन हजारांहून अधिक माणसं सुखरूप आणली, ते उत्तम काम झालं. पण शेवटचं जहाज आणि विमान निघालं आणि सुदान आपल्या बातम्यांतूनही निघून गेला. जणू आपली माणसं बाहेर पडली की युद्ध संपलं.

भारताने काय करावं? भारताचे अमिरातींशी आज जितके जवळचे संबंध आहेत तितके फार थोड्या देशांचे असतील. २०२२ पासून मुक्त व्यापाराचा करार आहे आणि त्यात ठरावीक प्रमाणात सोनं सवलतीच्या आयातशुल्काने आणण्याची तरतूदही आहे. सुदानचं सोनं, सैन्याच्या ताब्यातलं असो की आरएसएफच्या, युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत बहुतांशी दुबईकडेच गेलं. तिथे ते वितळलं की त्याचं गाव पुसलं जातं. हे सोनं कोणत्या खाणीतून आलं याचा पुरावा मागणं हे कुणाशी शत्रुत्व करणं नव्हे. मित्राला विचारता येतं ते परक्याला विचारता येत नाही. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी साऱ्या सुदानला लागू करावी आणि हेगच्या न्यायालयाचा अधिकार सगळ्या देशावर न्यावा, ही मागणी महासभेच्या व्यासपीठावरून करायला परिषदेचं सदस्यत्व लागत नाही. नागरिकांच्या संरक्षणासाठीचा एक मसुदा नोव्हेंबर २०२४ मध्ये एकट्या रशियाने नकाराधिकार वापरून पाडला, चौदा देश बाजूने असताना. रशियाही आपला जुना मित्र. त्यालाही विचारता आलं असतं.

इतकं लिहिताना एक धोका मला जाणवतो. नुसते मेलेल्यांचे, पळालेल्यांचे आकडे वाचून सुदानी माणूस म्हणजे हात पसरून बसलेला कुणी दुर्बळ असं चित्र उभं राहतं. ते खोटं आहे. युद्ध सुरू झाल्यावर परदेशी संस्थांचे बहुतेक लोक काही दिवसांतच निघून गेले. त्या वेळी खार्तुमच्या गल्ल्यांमधून ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ उभे राहिले. २०१९ च्या क्रांतीत वस्तीवस्तीत ज्या समित्या होत्या, त्यांतलीच ही पोरं-पोरी. सुदानमध्ये ‘नफीर’ नावाची जुनी रीत आहे. घर बांधायला, पीक काढायला, पूर आला तर बांध घालायला हाक गेली की सगळं गाव जमतं. आपल्या इर्जिकीसारखीच. त्या नफीरवर हे कक्ष चालतात. त्यांनी ‘तकाया’ म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, मसूर आणि भाताचे मोठाले हंडे चुलीवर चढवले, गोळीबारातून बाळंतिणींना दवाखान्यात नेलं, पाण्याचे पंप दुरुस्त केले, बेवारस मृतांना मूठमाती दिली. परदेशातल्या सुदानी लोकांनी ‘बंकक’ या मोबाइल बँकिंगच्या अ‍ॅपवरून पैसे पाठवायचे आणि इथे त्याच दिवशी धान्य घ्यायचं, अशी व्यवस्था बसली. मोठ्या संस्थांना जिथे परवानगीचा कागद मिळायला महिने लागायचे, तिथे हे तरुण चालत पोचले. याची किंमत त्यांनी मोजली. सैन्याच्या भागात ‘शत्रूचे हस्तक’ म्हणून अटक झाली, आरएसएफच्या भागात अपहरणं झाली, कित्येक मारले गेले. २०२५ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, नॉर्वेचा राफ्तो पुरस्कारही मिळाला.

आणि त्याच वर्षी, जानेवारीत, अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि त्यांची शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. सन्मान आणि उपास एकाच वर्षात. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी सुमारे ४.२ अब्ज डॉलर मागितले होते. त्यातली निम्मी रक्कमही जमली नाही. मदतीची रक्कम अपुरी आहे ही एक तक्रार, आणि ती जाते कुणाकडे ही दुसरी. मदतीचा फार थोडा भाग थेट या कक्षांपर्यंत पोचतो, कारण त्यांच्याकडे दात्यांना हवी तशी नोंदणी, लेखापाल, कार्यालय नसतं. जे सरकार त्यांच्या माणसांना अटक करतं त्याच सरकारकडे नोंदणी करून या, असं त्यांना सांगण्यात काय अर्थ आहे? जे वर्षानुवर्षं हंडा चढवून दाखवत आहेत, त्यांच्या कामाचा तोच पुरावा मानायला हवा.

शांततेच्या बोलण्यांतही हेच. मे २०२३ मध्ये जेद्दामध्ये नागरिकांचं रक्षण करण्याची शपथ दोन्ही फौजांनी सहीनिशी घेतली. नागरिक त्या खोलीत नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हात बैठक बोलावली, सैन्य आलंच नाही. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला परिषद झाली, तिथे जमलेल्या देशांचं संयुक्त निवेदनावरही एकमत होऊ शकलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिराती यांनी तीन महिन्यांच्या मानवतावादी युद्धविरामाचा प्रस्ताव मांडला; महिना-दीड महिन्यात अल-फाशिर पडलं. या चौघांपैकी दोन देशांचे हात युद्धात गुंतलेले आहेत, आणि मध्यस्थ म्हणून तेच बसतात. प्रत्येक वेळी बंदूक असलेल्यालाच निमंत्रण गेलं. मग ज्याला बैठकीत जागा हवी त्याने काय शिकावं?

अल-फाशिर पडल्यावर जे कसेबसे निसटले ते साठेक किलोमीटर चालत तविला गावात आले. त्यांच्यात आईबापांशिवाय आलेली शेकडो मुलं होती. आत अडीच लाखांवर लोक होते. पहिल्या दिवसांत तविलात पोचले ते काही हजार. बाकीचे कुठे आहेत, हे मदत करणारी माणसं येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. ज्या चौदा देशांनी १३ जून २०२४ ला हात वर केला होता, त्यांना हा प्रश्न नाव घेऊन विचारला गेला पाहिजे. जो तटस्थ राहिला त्यालाही, आणि ज्यांची विमानं अमजरासला उतरत होती त्यांनाही.